पंच आणि डायच्या मधे

पॉवर प्रेसवरचा ऑपरेटर पत्र्याचा तुकडा डायवर ठेवतो, पॅडल दाबतो, रॅम खाली येऊन वर जातो आणि तो तयार जॉब काढून पेटीत टाकतो. मिनिटाला 10 जॉब धरले, तरी आठ तासांत हात किमान 4800 वेळा पंच आणि डायच्या मधे जातो. भोसरीतल्या एका छोट्या प्रेसशॉपमध्ये उभं राहून मी हे काम पाहिलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती, ‘लक्षपूर्वक काम करा’. इतक्या वेळा एकाच हालचालीवर सारखंच लक्ष ठेवणं कुणालाही जमणार नाही. कामगाराची बोटं त्या पाटीच्या भरवशावर सोडलेली पाहून मला अस्वस्थ व्हायला झालं.

तिथल्या बहुतेक प्रेस जुन्या, की-क्लचच्या. मोटर फ्लायव्हील सतत फिरवत ठेवते. पॅडल दाबलं की क्लचमधली की फिरून फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट यांना जोडते, आणि मग पूर्ण फेरी झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. मधेच पाय उचला, स्विच बंद करा, रॅम खाली येणारच. की झिजली, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक सैल पडला, तर एका फेरीनंतर क्लच सुटत नाही आणि पॅडल न दाबताच दुसरा ठोका बसतो. कामगार म्हणतात, ‘प्रेस डबल मारते.’ हात नेमका तेव्हा जॉब काढायला आत गेलेला असतो.

“दादा, डबल मारायच्या आधी काही कळतं का?” मी डाय सेटरला विचारलं.

“आवाजात फरक पडतो. पण ऐकायला वेळ पाहिजे ना! माल संध्याकाळी गाडीत चढायचा असतो.”

अशा प्रेसला लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, बसवून कागदोपत्री सुरक्षा पूर्ण केल्याचीही उदाहरणं आहेत. हात आत गेला की किरण तुटतो, सिग्नल जातो. पण की-क्लचची प्रेस मधे थांबतच नसेल, तर त्या सिग्नलचा उपयोग काय? मधेच थांबवता येणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर तो कामाचा, तोही योग्य अंतरावर लावला तर. हाताचा वेग सेकंदाला 1.6 मीटर धरतात. प्रेस थांबायला 0.3 सेकंद लागत असतील, तर हात तेवढ्यात 48 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे पडदा डायपासून त्याहूनही थोडा लांब हवा. हा हिशोब न करता डायला चिकटवलेला पडदा फसवा धीर देतो.

त्याच शॉपमध्ये कोपऱ्यातल्या एका प्रेसला जाळीचा बंदिस्त गार्ड होता. पुढे 6 मिलिमीटरची फट. तिच्यातून पत्र्याची पट्टी आत सरकते, बोट जात नाही. कापलेला तुकडा डायखालून पेटीत पडतो. प्रेस डबल मारली तर एखादा तुकडा वाया जाईल, एवढंच. ती चालवणाऱ्या मावशी शेजारणीशी बोलत काम करत होत्या आणि मला त्यांची काळजी वाटली नाही. सुटा जॉब ठेवायचा असेल तिथे सरकती डाय किंवा घसरण लावून हात बाहेर ठेवता येतो. चिमटा आणि हातमोजे यांचा विचार त्यानंतर.

गार्ड काढले जातात ते डाय बदलताना, आणि पुन्हा लावायला वेळ नसतो. दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक फळीच्या पाचरीने दाबून ठेवतात, कारण तसं केलं की जॉब जास्त निघतात आणि पगार जॉबवर असतो. पाचर कामगार लावतो, पण दर ठरवणाऱ्याने त्याला ती लावायला भाग पाडलेलं असतं.

धोकादायक यंत्रभागांना पक्कं कुंपण घालण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 21 ने मालकावर टाकली होती. नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे भाव छापलेले होते: अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के कमी, पूर्ण तर्जनी 14, मधलं बोट 12. जाळीच्या गार्डचा खर्च या आकड्यांशेजारी मांडून पाहावा.

हे छोटे शॉप मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांसाठी सुटे भाग बनवतात. त्या कंपन्यांचे लोक मालाची जाडी मायक्रोमीटरने तपासतात. त्यांनी त्याच फेरीत प्रत्येक प्रेसचा गार्डही तपासावा, आणि गार्ड नसलेल्या प्रेसवरचा माल परत पाठवावा.