कचऱ्याच्या ढिगातली वीज

आवणीच्या दिवसांत खाचरातल्या चिखलात पाय रुतला की आजूबाजूने बुडबुडे वर येतात. आम्हांला वाटे, खाली बेडूक असेल. गुरुजी म्हणाले, बेडूक कसला, तो गॅस आहे! चिखलात हवा शिरत नाही. तिथे कुजका पाला बारीक जंतू खातात आणि त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही; पण तो पेटतो.

शहरातल्या कचऱ्याच्या डोंगरातही हेच चालते. वरच्या थराखाली खालचा दाबला जातो, हवा राहत नाही आणि उष्टे-खरकटे सडत बसते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनारचा कचरा पेटला, तो कित्येक दिवस धुमसत होता. धुरामुळे जवळच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. (सुट्टी मिळाली, पण असली सुट्टी नको!)

मग हा गॅस धरायचा कसा? ढीग मातीने झाकतात, भोके पाडलेल्या नळ्या त्यात खोल उतरवतात आणि यंत्राने गॅस ओढून घेतात. त्यातले पाणी काढतात. सडक्या अंड्यासारखा वास मारणारा दुसरा एक वायू असतो, तोही काढावा लागतो, नाहीतर इंजिन गंजते. उरलेला गॅस इंजिनात जळतो, इंजिन जनित्र फिरवते, झाली वीज.

तरी ढिगातून बराच गॅस निसटतोच. त्यापेक्षा ओला कचरा आधीच वेगळा काढून बंद टाकीत सडवणे बरे. आपल्या नाशिकला विल्होळीजवळ २०१७ मध्ये जर्मनीच्या मदतीने असा प्रकल्प सुरू झाला. हॉटेलांतले खरकटे आणि सार्वजनिक संडासांतला मैला एकत्र सडवून रोज सुमारे ३३०० युनिट वीज करायची, अशी आखणी होती. एका युनिटवर ९ वॅटचा बल्ब शंभर तासांहून जास्त चालतो. मैल्याची वीज ऐकून वर्गात सगळे हसले. पण दिव्याला काही वास येत नाही!

आपल्या पाड्यावर एवढा कचरा निघत नाही. मात्र चार-पाच ढोरांच्या शेणावर एका घराची शेगडी चालते, म्हणजे आईची जळणाची मोळी वाचते.

आलेल्या पालकांनाही एक सांगायचे आहे. गोबरगॅसच्या किंवा संडासाच्या टाकीत डोकावताना काडी ओढू नका आणि आत तर उतरूच नका. आत विषारी वायू असतो, प्राणवायू नसतो. उतरलेला माणूस हाक मारायच्या आत पडतो, आणि त्याला काढायला गेलेलाही पडतो.