हात मोकळे, पण लक्ष कुठे?

चाकणच्या तळेगाव चौकात पाळी सुटण्याच्या वेळी थांबून पाहा. कुणी हेल्मेटात मोबाइल खोचलाय, कुणाच्या कानात ब्लूटूथ आहे. दुचाकी चालू, गप्पाही चालू. या सवयीमागे काही ठाम समजुती आहेत.

गैरसमज : ब्लूटूथ असलं की हात मोकळे; मग धोका कसला?
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये प्रयोग केले. फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल हुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. फोन हातात असो वा नसो, फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांमध्ये मात्र हा परिणाम दिसला नाही. म्हणजे खरा भार उत्तर जुळवण्याचा.

गैरसमज : मग मागे बसलेल्याशी बोलणंही तितकंच वाईट.
वस्तुस्थिती : सोबत्याला रस्ता दिसतो. कंटेनर आडवा आला की तो आपसूक गप्प होतो, नाहीतर ‘जपून’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. २००८ मध्ये मोटारीच्या सिम्युलेटरवर झालेल्या प्रयोगातही शेजारच्याशी बोलण्यापेक्षा फोनवरचं बोलणं चालकाला जड गेलं.

गैरसमज : उत्तर तोंडाने द्या की हाताने, सारखंच.
वस्तुस्थिती : ब्रुक्स यांनी १९६८ मध्ये लोकांना एक वाक्य मनात धरून त्यातल्या प्रत्येक शब्दाबद्दल ‘नाम आहे की नाही’ हे सांगायला लावलं. बोलून सांगताना लोक अडखळले. बोटाने दाखवताना काम भराभर झालं. मनातले शब्द आणि तोंडातले शब्द एकमेकांच्या आड येतात. मनात नग मोजणाऱ्याला कुणी काही विचारलं की मोजणी चुकते, ती त्यामुळेच.

गैरसमज : क्रेनवाल्याला हातवारे करतात ते फक्त गोंगाटामुळे.
वस्तुस्थिती : प्रेस शॉपमध्ये डाय उचलताना गोंगाट हे कारण आहेच. पण डोळ्यांनी पाहून हाताने कृती करणं आणि कानाने ऐकून तोंडाने उत्तर देणं, या जोड्या मेंदूला सोयीच्या पडतात. हेझल्टाइन आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगांत जोड्या उलट्या केल्यावर दोन कामं एकदम करताना खोळंबा वाढला.

गैरसमज : कायद्याने मोबाइलला परवानगी आहे.
वस्तुस्थिती : १ ऑक्टोबर २०२० पासून हातातलं उपकरण फक्त रस्ता शोधण्यासाठी चालतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने.

घरच्यांनाही एक करता येईल. पाळी सुटायच्या वेळी फोन लागलाच, तर ‘गाडीवर आहेस का?’ हे आधी विचारावं आणि ‘हो’ आलं की लगेच ठेवून द्यावा.