चित्र कोणाचे?

शारदापूजनात ज्या सरस्वतीच्या चित्रास हार घातला जातो, ते पुष्कळदा राजा रविवर्म्यांच्या चित्राची प्रत असते. त्यांचे नाव मात्र मुलांना क्वचितच सांगितले जाते. त्यांचा छापखाना काही काळ घाटकोपरास होता. ते १९०६ साली निवर्तले. स्वामित्वहक्काची मुदत चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे असल्याने ते चित्र आज कोणीही छापावे. नाव सांगण्याचे कर्तव्य मात्र संपत नाही.

मनोरीच्या खाडीतील होड्यांचे काल टिपलेले छायाचित्र ही निराळी गोष्ट होय. समाजमाध्यमावर ते सर्वांस दिसते, म्हणून सर्वांचे होत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार त्याचा हक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा असतो. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. वर्गात शिकविण्यापुरती प्रत काढण्याची शिक्षकास सवलत आहे. परंतु शाळेच्या नावाने ते सर्वत्र प्रसृत करणे म्हणजे अध्यापन नव्हे. तेथे आधी अनुमती घ्यावी, मग चित्राखाली नाव द्यावे. नुसत्या नावाने अनुमतीची उणीव भरून निघत नाही.

छायाचित्रकाराचा पत्ता न लागल्यास विद्यार्थ्याकडून चित्र काढवून घ्यावे आणि पालकांच्या संमतीने त्याखाली त्याचे नाव लिहावे. ज्याच्या श्रमाची अशी नोंद झाली, तो मुलगा दुसऱ्याचे नाव सहसा पुसणार नाही.