पाच लाखांच्या सुटात असतं तरी काय?

लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावर मापाप्रमाणे शिवलेला सूट घ्यायचा तर किमान पाच हजार पौंड मोजावे लागतात, म्हणजे पाच लाख रुपयांहून जास्त. नामांकित दुकानांत आकडा याच्याही बराच पुढे जातो. ‘एवढं काय सोनं लावलंय त्याला?’ असं आपण सहज विचारतो. सोनं लागत नाही, माणसांचे तास लागतात. तिथल्या शिंप्यांच्या संघटनेच्या दंडकानुसार एका सुटावर किमान 50 तासांचं हातकाम व्हावंच लागतं.

तो सूट एकटा माणूस शिवतही नाही. माप घेऊन कापड बेतणारा कटर वेगळा, कोट शिवणारा वेगळा, पँटवाला आणखी वेगळा. तुमच्या मापाचा तपकिरी कागदाचा पॅटर्न तुमच्या नावानं टांगून ठेवतात. पहिली ट्रायल पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर होते. ती झाली की कोट उसवून सपाट करायचा, खुणा दुरुस्त करायच्या आणि पुन्हा जोडायचा. दोन-तीन ट्रायलनंतर पक्की शिलाई. आत भरपूर माया ठेवलेली असते, त्यामुळे पोट सुटलं तरी कोट फेकावा लागत नाही. 1806 सालापासून धंद्यात असलेलं हेन्री पूल हे दुकान आजही याच पद्धतीनं काम करतं.

चिमटीत धरून बघा

खरी करामत दिसतच नाही. चांगल्या कोटात वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कॅनव्हासचा तिसरा थर असतो. छातीच्या भागात त्याला घोड्याच्या केसांच्या विणीची जोड असते. हा थर कापडाला चिकटवत नाहीत, टाचतात. लॅपलवर, म्हणजे कोटाच्या छातीवर उलटलेल्या पट्टीवर, बारीक तिरके टाके घालताना कारागीर ते बोटांवर वळवून धरतो. शेकडो टाके पडेपर्यंत ती वळणाची सवय कापडात उतरते आणि लॅपल इस्त्रीशिवायही गोलाईनं वळतं. टाका वरून दिसला तर काम फसलं.

स्वस्त कोटात या जागी फ्यूझिंग असतं. एका बाजूला गोंद असलेलं आतलं कापड गरम प्रेसखाली ठेवलं की क्षणात चिकटतं. ते हलक्या प्रतीचं असेल तर ड्रायक्लीनिंगच्या काही फेऱ्यांनंतर छातीवर फुगे येतात. दुकानात परीक्षा सोपी आहे. सर्वांत खालच्या काजाजवळ वरचं कापड एका चिमटीत आणि अस्तर दुसऱ्या चिमटीत धरून अलगद ओढा. मध्ये तिसरा सुटा थर बोटांना लागला तर कॅनव्हास आहे. वरचं कापडच जाड, एकजीव लागलं तर चिकटवलेलं आहे. सेल्समननं ब्रँडचं कितीही कौतुक केलं तरी आधी ही चिमूट काढा. मला यापेक्षा भरवशाची कसोटी माहीत नाही.

‘सुपर’ म्हणजे किती सुपर?

ताग्याच्या किनारीवर ‘सुपर 100’, ‘सुपर 150’ असं विणलेलं असतं. हा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आकडा. सुपर 100 म्हणजे तंतू सरासरी 18.75 मायक्रॉनपेक्षा जाड नाही, सुपर 150 म्हणजे 16.25 पेक्षा जाड नाही. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा. तंतू जितका बारीक तितकी लोकर दुर्मीळ, आणि आकड्याबरोबर भाव चढतो. पण टिकाऊपणा चढत नाही. खूप बारीक लोकर लवकर चुरगळते, कोपरांवर लवकर झिजते. ऑफिसला रोज घालायचा कोट असेल तर सुपर 100 ते 120 पुरेसं आहे, त्यापुढचे पैसे निव्वळ मऊपणाचे.

मऊपणाची शेवटची पायरी म्हणजे विकुन्या. अँडीज पर्वतातला हा उंटाचा छोटा भाऊबंद. त्याचा तंतू 12-13 मायक्रॉनचा. इंका राजवटीत ही लोकर राजघराण्यासाठी राखीव होती. पुढे शिकारीनं प्राणी इतका घटला की 1960च्या दशकात काही हजारच उरले. 1967 साली पेरूनं पाम्पा गालेरासचं अभयारण्य केलं आणि कळप सावरले. आजही गावकरी हातात हात धरून माणसांची साखळी करतात, रानातल्या विकुन्या कुंपणात हाकतात, कातरतात आणि सोडून देतात. एका प्राण्याची लोकर भरते जेमतेम पाव किलो, तीही दोन वर्षांतून एकदा. या लोकरीच्या ओव्हरकोटाची किंमत 20 हजार डॉलरच्या पुढे गेली तर कारण समजू शकतं.

पण तो पैसा जातो कुठे? 2024 साली ब्लूमबर्गनं पेरूतल्या लुकानास गावाचा हिशेब मांडला. लोरो पियाना या इटालियन ब्रँडच्या सुमारे 9 हजार डॉलरच्या स्वेटरला जेवढी लोकर लागते, तेवढ्या लोकरीचे गावाला सुमारे 280 डॉलर मिळत होते. कंपनीनं या वृत्तातल्या आरोपांचा प्रतिवाद केला. तरीही थंडीवाऱ्यात साखळी धरणाऱ्या माणसाच्या वाट्याचा हा आकडा वाचून मला राग येतो.

भाडं, झगमगाट आणि होळी

मिलानच्या व्हिया मोंतेनापोलेओने या रस्त्यानं 2024 साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूला मागे टाकलं आणि दुकानांसाठी तो जगातला सर्वांत महाग रस्ता ठरला. तेव्हा भाडं होतं चौरस मीटरला वर्षाला 20 हजार युरो. एक टेबल मांडायला दोन चौरस मीटर लागतात, त्यावरून शर्टाच्या किमतीत भाड्याचा वाटा किती असेल याचा अंदाज बांधा.

2023च्या जूनमध्ये लुई व्हितॉंनं पुरुषांच्या कपड्यांच्या शोसाठी पॅरिसचा अख्खा पाँ नफ पूल घेतला. गायक फॅरेल विल्यम्स यांचा डिझाइन प्रमुख म्हणून तो पहिला शो, आणि शेवटी गायला जे-झी. अशा शोचा खर्चही शेवटी गिऱ्हाइकाच्याच बिलात येतो. व्हितॉंची मालक कंपनी एलव्हीएमएच हिचं ढोबळ नफ्याचं प्रमाण गेली काही वर्षं विक्रीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास आहे. म्हणजे शंभराच्या वस्तूचा उत्पादनखर्च सरासरी तेहतीसच्या आसपास.

आणि जे विकलं जात नाही? बर्बरीनं 2017-18 या एका आर्थिक वर्षात 2 कोटी 86 लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केल्याचं तिच्याच अहवालातून उघड झालं. सेल लावला तर नावाचा भाव उतरतो, ही या धंद्यातली भीती. ओरड झाल्यावर सप्टेंबर 2018 मध्ये कंपनीनं ही प्रथा बंद केल्याचं जाहीर केलं.

नाव विकतं, नाव विटतं

अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी 1899 सालीच दिखाऊ खर्चाची मीमांसा केली. काही वस्तूंची मागणी भाव चढला की वाढते, अशा वस्तूंना आज त्यांचंच नाव आहे. सुप्रीम या ब्रँडनं 2016 साली आपलं नाव कोरलेली साधी वीट 30 डॉलरला विकायला काढली, तीही हातोहात संपली. 2015च्या फेब्रुवारीत सुरतेत पंतप्रधान मोदींच्या सुटाचा लिलाव झाला. रेघांमध्ये त्यांचं नाव विणलेल्या त्या सुटाला 4 कोटी 31 लाख रुपये आले आणि लिलावात विकला गेलेला सर्वांत महाग सूट म्हणून गिनीजमध्ये नोंद झाली. रक्कम गंगा स्वच्छतेच्या निधीला गेली.

उलट उदाहरण पिअर कार्डां यांचं. पुरुषांच्या फॅशनचा हा मोठा डिझायनर, पण त्यांनी आपलं नाव शेकडो परवान्यांनी वाटलं. आपल्या शाळा-कॉलेजांत पिअर कार्डां म्हणजे पेन, हे त्याचंच फळ. नाव सगळीकडे दिसलं की त्याची दहशत जाते.

या नावाच्या आत हात कुणाचे असतात, हे मिलानच्या न्यायालयानं 2024 साली दाखवलं. डिओरच्या एका उत्पादक कंपनीवर देखरेख नेमताना समोर आलेला हिशेब असा: दुकानात 2600 युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेसाठी कंत्राटदाराला मिळत होते 53 युरो, चामड्याचा खर्च वेगळा. काम होत होतं ते इटलीतल्याच वर्कशॉपमध्ये, कामगारांची पिळवणूक करून. डिओरवरची देखरेख नंतर उठली. 2025च्या जुलैमध्ये अशीच देखरेख लोरो पियानावर आली. ‘मेड इन इटली’ एवढ्या शिक्क्यावर डोळे झाकून पैसे टाकू नयेत, ते यासाठी.

प्राडा आणि कोल्हापूर

हा सगळा मामला जून 2025 मध्ये थेट आपल्या पायांशी आला. मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेल जे घालून चालले ते हुबेहूब कोल्हापुरी पायताण होतं, आणि माहितीत लिहिलं होतं फक्त ‘चामड्याची सँडल’. कोल्हापुरीला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात येतात. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापारी संघटनेनं पत्र धाडलं, समाजमाध्यमांवर लोक तुटून पडले आणि प्राडानं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. ठरलं ते असं: भारतात बनवलेले 2000 जोड, किंमत जोडाला सुमारे 800 युरो.

अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावतात. तळाचे थर चामड्याच्या वादीनं शिवतात, खिळा मारत नाहीत. कान, अंगठा, पट्टा, वेणी असा एकेक भाग हातानं बसतो. सॅव्हिल रोच्या कोटाला जे पैसे पडतात ते अशाच हातकामाचे. तरी आपण तोच जोड दोन हजारांना घेताना शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो.

800 युरोतला मोठा भाग नावाचा असणार, हे वरच्या सगळ्या हिशेबावरून उघड आहे. मग त्या जोडावर कोल्हापूरचं नाव प्राडाच्या नावाइतकंच ठळक असलं पाहिजे आणि जोडामागे कारागिराला किती मिळाले हे महामंडळांनी जाहीर केलं पाहिजे. तुम्ही-आम्ही एवढंच करायचं: पुढची चप्पल घेताना ती कुणी बनवली हे दुकानदाराला विचारा, आणि बनवणारा समोर असेल तर त्यानं सांगितलेला भाव द्या.