केळे पिकते म्हणजे काय होते?

रावेर-यावलच्या शेतातून कापलेला केळीचा घड हिरवा, कडक आणि तुरट असतो. पिकताना काही दिवसांतच तो पिवळा, मऊ, गोड होतो. ही किमया विकरांची, म्हणजेच एन्झाइमांची. बहुतेक विकरे प्रथिनेच असतात. अमिनो आम्लांची लांब साखळी विशिष्ट घडी घालून बसते आणि तिच्या खाचेत ठरावीक पदार्थच बसू शकतो. काम करताना विकर स्वतः खर्ची पडत नाही.

कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. अमायलेजसारखी विकरे त्याची साखर करतात. पेशींना जोडणारे पेक्टिन दुसरी विकरे तोडतात, म्हणून गर मऊ पडतो.

या साऱ्यांना चालना मिळते ती फळातच तयार होणाऱ्या इथिलीन वायूने. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन त्याचीच नक्कल करतो. पण त्यासोबत आर्सेनिकचे अंश येतात. म्हणूनच फळे पिकवण्यासाठी कार्बाइडला बंदी आहे, नियंत्रित इथिलीनला परवानगी आहे.

थंडीचे गणित वेगळे. तापमान १३ अंशांच्या खाली राहिले की पेशींची आवरणे दुखावतात, एरवी वेगळी असणारी विकरे आणि रसायने एकत्र येतात आणि साल काळवंडते. जळगाव-धुळ्यात पारा १० अंशांखाली उतरला की बागायतदार धास्तावतो तो यामुळेच. घरच्या फ्रिजमध्ये केळी काळी पडतात, त्याचेही कारण हेच.