हार्पसिकॉर्ड: छेडलेल्या तारांचे वाद्य

हार्पसिकॉर्ड दिसतो पियानोसारखा. पण पियानोत हातोडी तारेवर आपटते, तर इथे तार सतारीसारखी छेडली जाते. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली चपटी लाकडी काठी, म्हणजे जॅक, वर उचलली जाते. तिच्यातली पिसाच्या दांडीची इवलीशी नखी तार छेडते. पट्टी सोडली की नखी बसवलेली जिभली मागे झुकते, त्यामुळे नखी तारेखाली अलगद उतरते आणि कापडाचा तुकडा तारेवर टेकून नाद थांबवतो. पूर्वी कावळ्याचे पीस वापरत. आता बहुधा प्लॅस्टिक.

पट्टी जोरात दाबली तरी आवाज फारसा वाढत नाही. म्हणून वादक स्वर किंचित लांबवतो, अलंकार घालतो किंवा तारांचा दुसरा संच जोडतो. फ्रान्स्वा कूपरँने 1716 मध्ये या वादनकलेवर पुस्तकच लिहिले.

अँटवर्पच्या रुकर्स घराण्याच्या वाद्यांना इतका मान होता, की अठराव्या शतकात पॅरिसचे कारागीर ती रुंद करून, पट्ट्या वाढवून नव्याने वापरात आणत. पुढे पियानोने हार्पसिकॉर्डला मागे सारले. विसाव्या शतकात वांडा लांडोव्स्का यांनी त्याला पुन्हा मैफलीत आणले.