अंतराचा नियम आणि वयाचा प्रश्न

परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थ्यांच्या घरी जागरणे सुरू होतात. पूर्वी या जागरणाला चहाची सोबत असे. आता तिच्या जोडीला ‘एनर्जी ड्रिंक’ नावाची रंगीत बाटली आली आहे. अवघ्या २० रुपयांत मिळू लागल्यामुळे ही बाटली शहरापुरती उरलेली नाही. मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावांतील पालकांनाही तिचा विचार करणे आता भाग आहे.

या बाटलीतील मुख्य द्रव्य कॅफिन. ते चहाकॉफीतही असते, म्हणून ते विष आहे असा कांगावा करण्याचे कारण नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा पेयाच्या एका लिटरमध्ये १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत, साधारण दोन कप चहाइतके. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असे युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये सांगितले. मुलांसाठी वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम हे प्रमाण सुचविले. या हिशेबाने २५ किलो वजनाच्या मुलाची दिवसाची मर्यादा एका बाटलीतच संपते. घरचा चहा वेगळाच.

शिवाय या पेयाने शक्ती येते, हा समजच मुळात सदोष आहे. दिवसभराच्या श्रमाने मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचते आणि ते झोपेची सूचना देते. कॅफिन त्याची जागा अडविते. थकवा तसाच राहतो, फक्त त्याची जाणीव दबते. सावकाराला दारातून परत पाठविल्याने कर्ज फिटत नाही, तसलाच हा प्रकार. प्रौढाच्या शरीरातील कॅफिन निम्म्यावर येण्यास साधारण ५ तास लागतात. रात्री ९ वाजता घेतलेल्या पेयाचा निम्मा अंश २ वाजता रक्तात असतो. आणि दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्यास तर झोपच लागते. याच तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर रात्रभर वाहन हाकणाऱ्या चालकानेही हे ओळखावे. कॅफिन त्याला थोडा वेळ तारील; झोपेला पर्याय मात्र झोपच.

या प्रश्नाची दखल शासनाने घेतली नाही, असे नव्हे. जुलै २०२४ मध्ये आमदार सत्यजीत तांबे यांनी विधान परिषदेत हा विषय उपस्थित केला, तेव्हा तत्कालीन अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या परिसरात अधिक कॅफिन असलेल्या पेयांच्या विक्रीवर बंदी घालण्याची घोषणा केली. हेतू स्वागतार्ह खरा; तथापि तिचा भर अंतरावर आहे. गावात शाळा, एसटी थांबा आणि बाजार जवळजवळ असतात. ५०० मीटरची रेषा मोजायची कोणी आणि कोठून? आणि रेषेपलीकडच्या दुकानातून घेतलेली बाटली दप्तरात घालून वर्गात नेण्यास कितीसा वेळ लागतो?

तंबाखूच्या बाबतीत हा विचार आपण पूर्वीच केलेला आहे. २००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई केलीच, पण १८ वर्षांखालील व्यक्तीस ती कोठेही विकण्यासही मनाई केली. लिथुआनियाने २०१४ पासून आणि पोलंडने २०२४ पासून एनर्जी ड्रिंकलाही १८ वर्षांची अट लावली आहे. अंतराच्या जोडीला वयाची अशीच स्पष्ट अट, आणि ती मोडणाऱ्या विक्रेत्यास दंड, हाच खरा उपाय होय.

ही पेये मुलांसाठी व गर्भवती स्त्रियांसाठी योग्य नाहीत, हा इशारा वेष्टनावर असतो. परंतु तो बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत. तो ठळक मराठीत छापावयास लावणे अवघड नाही. तोपर्यंत शिक्षकांनी एक तास खर्चून वेष्टनावरील आकडा आणि विद्यार्थ्याचे वजन यांचा हिशेब फळ्यावर मांडावा, आणि शाळा व्यवस्थापन समितीने गावातील दुकानदारांशी बोलावे. एवढे करण्यास शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.